उलटं गुऱ्हाळ

कचऱ्याच्या डोंगराला पाझर फुटतो
तो काकवीच्याच रंगाचा.
कसबा बावड्याच्या कडेला, नळीतून, थेंब थेंब.

आण्णाप्पा मगदूम वाकून बघतात भांड्यात.
तीस हंगाम वडणग्याला गुळव्या म्हणून काढलेले,
चुलवाणाच्या धगीनं भुवया कायमच्या विरळ,
आता रात्रपाळीला माझ्या यंत्रावर.
"रस काय आन् ह्यो काय, आटवायचंच की," म्हणाले पहिल्या दिवशी,
"फकस्त हितं गोळी करून चाखायची न्हाई."

पहिला महिना आमचा खपलीनं खाल्ला.
दोन दिवसांत नळ्यांवर दगडी थर,
आत धग, बाहेर पाणी, मध्ये ही भिंत.
छिन्नी घेऊन बसायचो दोघं.
फेस उतू जायचा तो वेगळाच.
त्यांनी विचारलं, भेंडीचं पाणी घालून बघूया काय?
मी हसले.
मग कुणी नसताना घालून बघितलं.
नाही चाललं.

मग आला तो धातूचा दांडा, मनगटाएवढा,
सेकंदाला वीस हजार वेळा थरथरणारा.
बटण दाबलं. शांत.
"बंद हाय जणू," आण्णाप्पा म्हणाले.
तेवढ्यात डोंगरावरची कुत्री
चिंध्या हुंगायची थांबली,
सगळ्यांचे कान आमच्या शेडकडे.

आत, मोहरीहून बारीक बुडबुडे
जन्मायचे आणि लगेच फुटायचे,
आणि नखानं काढावी तशी
नळीवरची खपली सुटत होती.
वाफ वाढली. किती, ते वहीत लिहिलं.
वीज किती जास्त लागली, तेही लिहिलं,
खाली, बारीक अक्षरात.

पहाटे वाफेचं पाणी बाटलीत धरलं. निवळ,
तरी अमोनियाचा डंख राहिलेला.
आण्णाप्पांनी बाटली ट्यूबलाइटला धरली, बराच वेळ.
"गुऱ्हाळात वाफ सोडून द्यायचो, तळाचं जपायचो.
हितं वाफ जपायची.
मग तळाचं कुटं ठेवायचं, म्याडम?"

तळाशी काळा, चिकट, ढेपेएवढा गोळा.
वहीत त्याला रकाना नव्हता.
पट्टीनं एक रेघ मारली,
वर काय लिहावं ते सुचेना.

यंत्र बंद केलं. कुत्री आपापल्या ढिगाला लागली.
सवयीनं आण्णाप्पांचं बोट
भांड्याच्या कडेवरून फिरलं,
ओठांकडे निघालं,
आणि अर्ध्या वाटेत थांबलं.