कोन एकशे बारा

उद्यमनगरात सोमवारी मशिनी बंद.
हिशेबाला मात्र सुट्टी नसते,
म्हणून मी, आणि राखणीला सिकंदर मुल्लाणी,
आणि ऑफिसातला तो पोटाड्या मॉनिटर,
ज्यात मालकांच्या मुलानं कधीतरी
दोन रणगाडे आणि एक डोंगर भरून ठेवलाय.

सिकंदरभाई अठरा वर्षं टर्नर.
मग बिडाची एक चिप उडाली,
उजव्या डोळ्यात गेली.
तेव्हापासून चहाचा कप त्यांना
असतो त्याच्या दोन बोटं अलीकडे दिसतो.
लेथवरून उठवून गेटवर बसवलं.
"पण ह्यात," काचेवर नख वाजवत ते म्हणाले,
"ह्यात खोलीच न्हाई की, ताई.
हितं सगळ्यांना एकच डोळा."

पहिले चार सोमवार मी हरले.

"पयला गोळा मारायला नसतोय, इचारायला असतोय.
कुठं पडला बघ. मग एकच हँडल फिरीव,
कोन, न्हाईतर जोर.
दोन्ही फिरवलंस तर चूक कुणाची, सांगणार कोण?"

"जोर दुप्पट केलास तर गोळा चौपट लांब जातोय.
आपल्या कोल्हापुरी हाताला ह्ये लई अवघड."

तीस अंश आणि साठ अंश एकाच जागी उतरतात
हे मी अकरावीत पाठ केलं होतं,
पेपरात लिहिलं होतं, विसरले होते.
त्यांनी ते भडंगाच्या कागदावर काढून दाखवलं:
तीसचा गोळा म्हणजे थेट केएमटी,
साठचा म्हणजे महाद्वार रोडनं चालत निघालेली आत्या,
पोचणार तिथंच,
पण वाटेत वारं भेटलं की त्याच्याशी बोलत थांबणार,
आणि वारं नेईल तिकडं जरा सरकणार.
"म्हणून वारं मोठं असंल तवा आत्याला पाठवू नगं."

"समोरचा खाली असंल तर पंचेचाळीस जरा उतरीव.
खड्ड्यात दडलीस तर वरनं माती पडती.
टोकावर बसलीस
तर नेम तुझ्यावर धरत न्हाईत,
पायाखालची जमीन काढत्यात."
हे सांगताना ते बंद लेथकडे बघत होते
की नुसतेच त्या बाजूला तोंड होतं,
एका डोळ्याच्या माणसाचं कळत नाही.

"आणि मारलंस की कीबोर्ड सोड. हात मांडीवर.
आता त्याची पाळी.
भांडणात ह्ये जमत न्हाई, हितं जमतंय."

एकदा तीन वाजता भारनियमन झालं.
माझा गोळा हवेत होता.
काळ्या काचेसमोर बसून
तो कुठं पडला असता यावर
आम्ही पाऊण तास वाद घातला.
लाईट आली तेव्हा डोंगरच दुसरा होता.

पाचव्या की सहाव्या सोमवारी
माझ्या नाकासमोर सरळसोट कडा,
कड्यापलीकडे ते, निवांत, चहा फुंकत.
वारा माझ्या पाठीतून, त्यांच्याकडे, जोरात.
थेट मारावं तर कडा खातो,
उंच मारावं तर वारा त्यांच्याही पल्याड नेतो.
मी कोन नव्वदच्या मागं ओढला.
एकशे बारा. म्हणजे त्यांच्याकडे पाठ.
"अगं, तिकडं कोण हाय तुझं?"
गोळा मागं गेला, चढला,
वर जाऊन दमला,
वाऱ्यानं त्याची मान धरून वळवली,
माझ्या डोक्यावरून, कड्यावरून,
आणि अलगद त्यांच्या टोपणावर.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग उठले, ड्रॉवरमधून कोरं जॉब कार्ड काढलं,
अठरा वर्षांच्या सवयीच्या अक्षरात लिहिलं:
कोन ११२. जोर ७४. वारा मागून.
खाली, तपासणाऱ्याच्या रकान्यात, सही.

ते कार्ड मी फाईलला लावून टाकलं.
मार्चमध्ये ऑडिटर आले, पानं उलटत थांबले:
"हे कुठल्या पार्टचं? ड्रॉइंग नंबर नाही, गिऱ्हाईक नाही."

म्हटलं, राहू दे साहेब.
माप बरोबर आहे.