दुसऱ्या तारेची खुंटी

पुण्याहून आलेल्या माणसानं
आधी बॅटरी काढली, मग आरसा,
दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला, दांडीचा.
गिटारच्या अंगावरच्या भोकातनं आत घालून
बराच वेळ बघत बसला.
रूथ दारात. मी स्टुलावर.
चहावर साय धरली.

आत एक चिठ्ठी आहे चिकटवलेली, मला ठाऊक होतं.
दाऊदनं दाखवली होती, पंचाहत्तर साली,
उद्यमनगरात, माझ्या लेथच्या दिव्याखाली.
गावाचं नाव त्यानं वाचलं : कलमझू.
मी म्हटलं, कळंब्याच्या पुढं का अलीकडं?
तो असा हसला की गिटारही हसली.
पोकळच ती. जवळ कुणी खोकलं
तरी आत थोडा वेळ राहायचं.

मिशनच्या बंगल्यातल्या साहेबाचा पोरगा
बोटीनं परत जाताना ठेवून गेलेला.
दाऊद तिथल्या माळ्याचा.
नखांत माती असलेल्या बोटांनी त्यानं ती धरली
आणि माती कधी गेली ते त्यालाही कळलं नाही.

रंग कडेला करपलेला, मधी काकवीचा.
जिथं उजवा हात टेकायचा तिथं रंगच नाही,
नुसतं लाकूड, उंबऱ्यासारखं.
पाठीवर ओरखडे :
शबनम ऑर्केस्ट्राचा पट्टा, पितळी बक्कल, बावीस वर्षं.
पाचव्या पट्टीला खड्डे पडलेत.
लग्नातली गाणी सगळी तिथंच राहायची.

खासबागेत आवाज वाढवला
की आपलाच आवाज ऐकून ती हंबरायची.
मग दाऊद दोन्ही भोकांत पायमोजे कोंबायचा
आणि कार्यक्रम संपला की
तेच घालून घरी.

गडहिंग्लजहून येताना टेम्पोत
तिच्यावर काँगो पडला.
पहाटे चारला माझ्या दारात उभा :
खुंटी मोडली, दुसऱ्या तारेची,
संध्याकाळी इचलकरंजी आहे.
माझ्याकडं चरकाचं जुनं बुश होतं, गनमेटलचं.
ऊस पिळून पिळून गुळगुळीत झालेलं.
त्यातनं चक्री काढली. चौदा दाते.
तेरा बरोबर आले. एक जरा जाड राहिला,
तेवढ्यात कामगारांच्या सायकली यायला लागल्या.

तेव्हापासून चौदा फेऱ्यांत एकदा
टक् व्हायचं.
स्टेजवर सूर लावताना दाऊद मान वाकडी करून म्हणायचा,
हं, आलास होय?
पैसे कधी दिले नाहीत. मी मागितलेही नाहीत.
दोघांनाही वाटायचं दुसऱ्याला आठवत असेल.

पुण्याचा माणूस चांगला होता, खोटं कशाला बोलू.
बोटांनी नाही, डोळ्यांनी वाजवणारा.
म्हणाला, पाच खुंट्या ओरिजिनल आहेत,
ही एक लोकल आहे.
चाळीस हजार कमी होतील.
मी म्हटलं, ती माझी.
त्यानं माझ्याकडं बघितलं,
चोरी न विचारताच कबूल केल्यासारखं.

रूथला व्यवहार कळतो. बापाला कधी कळला नाही.
तिनं एकदा माझ्याकडं बघितलं,
एकदा भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडं,
आणि हो म्हणाली.

माणसाकडं डबी होती. डबीत कापसावर
जुनी, खरी, तिकडची खुंटी.
दोन स्क्रू. पाच मिनिटं.
माझी त्यानं चहाच्या बशीत ठेवली,
आदबीनं, पडलेला दात ठेवावा तशी.

त्या कलमझूत कुणीतरी असेलच,
एका हातात तेलाची बुधली,
दुसऱ्यात फाईल, डोळ्यांत लोखंडाची कणी.
त्याचंही नाव चिठ्ठीवर नव्हतं.
त्याची मोडली नसती
तर मला हे कशाला कळलं असतं.

आता तंबाखूच्या डबीशेजारी असते ती, खिशात.
रात्री झोप नाही आली की फिरवत बसतो,
अकरा, बारा, तेरा.
तार नाही, लाकूड नाही.
चौदांतला एक तेवढा बोलतो.