धोटा

विधेयक या सभागृहातून त्या सभागृहात जातं,
दुरुस्त होऊन परत येतं, पुन्हा जातं.
त्या येरझारीला आमच्या भाषेत धोटा म्हणतात.
शब्दाच्या पोटात एक छोटी नाव आहे,
धोट्याचा आकार तसा म्हणून.
पॅरिसच्या लोकांना यातलं काही आठवत नाही.
मला आठवतं. माझा बाप रुबेच्या गिरणीत
बत्तीस वर्षं मागापुढे उभा होता,
आणि जेवताना मध्येच त्याचा उजवा हात
उगाच हिसका द्यायचा.
सूप सांडायचं. आई काही बोलायची नाही.

मी ओदील व्हानहूत. सेनेटमध्ये मजकूर जुळवते.
डाव्या पडद्यावर त्यांचा मसुदा, उजव्यावर आमचा.
कागद घेऊन आता कुणी धावत नाही,
बटण दाबलं की विधेयक बागेतल्या चेस्टनटांवरून
नदीकाठच्या त्या खांबांच्या इमारतीत पोचतं.
जे कलम दोन्हीकडे कानामात्रेसकट एक
त्यापुढे मी लिहिते: जुळलं.
जुळलेलं पुन्हा उसवायचं नाही, असा नेम.
उरतं तेवढ्यावरच भांडायचं.

यंदा कलम चार उरलं.
रात्री साफसफाई करणाऱ्यांना मालक
बसायला एक उबदार खोली देईल.
खालच्या सभागृहाने लिहिलं, देईल.
आमच्यांनी लिहिलं, देऊ शकेल.

दोन महिने त्या 'शके'चा कीस पडला.
लोझेरचे अल्बारेद म्हणाले, मी तीनशे वस्तीचा महापौर होतो,
शाळेतली शेगडी पेटवायला पैसे नव्हते,
खोली कुठून आणू?
लोक हसले नाहीत. तो माणूस खोटं बोलत नव्हता.
तिकडे केर्वेला नावाची तरुण प्रतिनिधी
नुसती उभी राहिली आणि म्हणाली,
माझी आई जिन्याच्या पायरीवर बसून डबा खायची.
बस, एवढंच. मग तिची वेळ संपली.

धोटा दोनदा गेला, दोनदा आला.
मग त्यांचे सात, आमचे सात,
बंद दाराआड एका लांब टेबलाभोवती.
पाणी, बिस्किटं, आणि कोपऱ्यात मी.
पहाटे चारपर्यंत घोडं तिथेच अडलेलं.
तेवढ्यात दार ढकलून कुंबा सिदिबे आत आली,
बादली, फडकं, निळा डगला.
तिला वाटलं, खोली रिकामी झाली असेल.
चौदा माणसांनी एकदम पाय वर घेतले.
"बसा, बसा," ती म्हणाली, "मी नंतर येते,"
आणि बाहेर जिन्यात जाऊन थांबली.

त्यानंतर पंधरा मिनिटांत तोडगा निघाला.
'देईल' राहिलं.
त्याच्याआधी चार शब्द आले:
पाच किंवा अधिक कामगार
असतील तिथे. हो, सहा झाले; मीच टंकले,
मोजायला हवे होते.
दोन्ही सभागृहांनी तोच मजकूर, तोच स्वल्पविराम,
हात वर करून संमत केला.
राष्ट्राध्यक्षांची सही झाली, राजपत्रात छापून आलं.
अल्बारेद मला म्हणाले, छान जमलं, नाही?
आणि खरंच, कापड म्हणून बघितलं तर
कुठे गाठ दिसत नव्हती.

माझी आई त्याच गिरणीत तपासनीस होती.
ठाण उजेडात धरून बघायची नाही ती,
डोळे मिटून तळहात उलट्या दिशेने फिरवायची.
परवा पहाटे मी कुंबाला विचारलं,
तुमच्या तुकडीत किती जणी?
"चौघी," ती म्हणाली. "एक होती पाचवी, गेली डिसेंबरात."
फडकं पिळलं. "का?"

मी काही सांगितलं नाही.
जिन्यात तिच्याशेजारी बसले जरा. दगड गार होता.
केर्वेलाबाईंनी एक नवीन प्रस्ताव दाखल केलाय,
एकाच कलमाचा, एकाच आकड्याचा.
यादीत दोनशे अठरावा.
माझ्या पडद्यावर डावी बाजू भरली आहे,
उजवी अजून कोरी.