नागोयाची कॅसेट

खांबेटे काकूंची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली
तेव्हा माळ्यावरून निघाले
दोन स्टोव्ह, एक पितळी बंब, आणि ही.
पाठीवर काकांचं अक्षर: नागोया, हॉटेलचा टीव्ही. पुसू नये.
"तुला येतं ना जपानी, मग ने,"
काकू म्हणाल्या, आणि बंबाचा भाव करायला वळल्या.

टेपवर बुरशी. पांढरी, शिळ्या भाकरीवर येते तशी.
तपकीर गल्लीत मुनाफ तांबोळींनी ती
स्पिरिटच्या बोळ्याने तीन दिवस पुसली.
"लग्नाची आहे का, मॅडम?"
म्हटलं, नाही, कार्टून.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
पैसे मात्र लग्नाचेच घेतले.

चिंचवड, शहाऐंशी साल.
सतरंजीवर आम्ही दहा-बारा पोरं.
काकांचा व्हीसीआर इकडचा, कॅसेट तिकडची,
दोघांचं जमेना.
चित्र काळंपांढरं, आणि मधूनच खालून वर सरकत सुटायचं.
काका टीव्हीच्या डोक्यात चापट मारायचे
की पत्र्याचा पोस्टमन पुन्हा जमिनीवर.
डोक्यावर किटलीचं झाकण, खांद्याला पिशवी.
गावभर पत्रं वाटायची, रात्री दीपगृहात परत यायचं.
त्याला स्वतःला एकही पत्र नाही.
एवढं चित्रावरून कळत होतं,
बाकीचं आमचं आम्ही लावलं.
कोट पिवळा, निनाद म्हणाला. मी म्हटलं, लाल.
त्यावरून माझी कंपासपेटी पवनेत गेली.

प्रत्येक भागाच्या शेवटी दार ढकलून तो ओरडायचा,
ताई, मा!
निनादने शपथेवर सांगितलं, ताईला हाक मारतोय,
पुढचं वाऱ्याने नेलं.
मग तोही शाळेतून आला की फाटकातूनच,
ताई, मा!
आणि मी आतून: काय रे, मा?

पुढे ती भाषा मी पोटासाठी शिकले.
चाकणला प्रेस मशीनच्या पुस्तिका मराठीत आणते.
हात आत घालू नये.
आधी वीज बंद करावी.
वीस वर्षांत एकाही मशीनने हाक मारली नाही.

काल रात्री मुनाफभाईंनी शटर अर्धं ओढलं
आणि त्यांच्या जपानी मशीनवर लावली.
कोट हिरवा.
शेवाळी, ओला हिरवा.
समुद्र नारिंगी, का ते काढणाऱ्यालाच ठाऊक.
चौथ्या भागात तो दार ढकलतो, म्हणतो
तादाइमा.
म्हणजे, आलो.
बस. घरात कुणी नाही, तरी म्हणतो,
आणि दिव्याची काच पुसायला घेतो.

आपण निघताना म्हणतो, येतो.
आल्यावर म्हणायला आपल्याकडे शब्दच नाही.
चपला काढायच्या, पाय धुवायचे,
कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या विचारायचं.

निनादला ऑकलंडला फोन लावला. तिथे पहाट.
म्हटलं, कोट हिरवा होता.
तो झोपेतच: शक्य नाही.
म्हटलं, आणि तो ताईला हाक मारत नव्हता.
पलीकडे बराच वेळ नुसता फ्रिजचा आवाज.
मग म्हणाला,
"भाषांतर चुकलंय तुझं. परत बघ."

मुनाफभाईंनी टेप मागे फिरवायला घेतली होती.
पत्र्याचा पोस्टमन काच मळवून,
पाठमोरा, भराभर,
दाराबाहेर निघाला.