बटवा

हडर्सफील्डला सपाट रस्ता असा नाहीच.
घरातून निघालं की चढ, मग बसस्टॉपपर्यंत उतार,
आणि उतारावर धावत बस गाठायची
म्हणजे आधी आठवायचं
आज पॅड लावलाय का.

सहा वर्षं शिंक आली की
मी रुमालाआधी पाय शोधायचे,
एकात एक अडकवायला.
जूनमध्ये गवत फुलतं,
तेव्हा औषधांच्या काउंटरमागे
दिवसभर माझा एका पायावरचा नाच.

हसणंही कमी केलं.
लोकांना वाटलं, वयानं पोक्त झाली.
नीलांबरीनं एकदा दिराची नक्कल केली,
सगळ्या बायका लोळत होत्या,
मी भांडी विसळायच्या निमित्तानं उठले.
नळाखाली हात,
आणि नळ नको तिथे सुटलेला.

डॉक्टरणीला सांगायला गेले, सांगितलं गुडघ्यांचं.
दारापर्यंत जाऊन परत फिरले.
"अजून एक आहे," म्हणाले,
आणि पुढे शब्दच नाही.
आईनं तो दिलाच नव्हता.
आमच्या घरात त्या भागाला नाव नव्हतं,
फक्त दिशा होती: खाली.

बर्निस फिजिओ. आईवडील ग्रेनाडाहून आलेले,
बोलणं मात्र पक्कं यॉर्कशरचं.
टेबलावर प्लास्टिकचं ओटीपोट,
त्यात झोळीसारखे ताणून बांधलेले लाल स्नायू.
माझी झोळी सैल पडली होती
ऋजुताच्या वेळी, चिमटा लावून काढली तेव्हापासून.
सव्वीस वर्षं. कोणी विचारलं नाही,
मीही नाही.

"ऑपरेशनचं नंतर बघू," बर्निस म्हणाली.
"आधी हे. रोज तीनदा, तीन महिने.
लिफ्ट आहे असं समज.
तळमजला, पहिला, दुसरा. तिथे थांब.
आणि हळू उतरव, धाडकन सोडू नकोस."

मी लिफ्ट वर नेली.
भुवया वर गेल्या, खांदे गेले, श्वास अडकला,
लिफ्ट तळमजल्यावरच.
यंत्राच्या पडद्यावर हिरवी रेघ
जेवून आडवी झालेली.

मग एका रात्री, झोप येत नव्हती तेव्हा,
आत्याचा बटवा आठवला.
खणाचा, आत सुपारी, कात, चार लवंगा.
दोन्ही दोऱ्या ओढल्या की
तोंड चुण्याचुण्यांनी मिटायचं, वर उचललं जायचं.
उलटा धरला तरी एक लवंग पडायची नाही.

पुढच्या खेपेला रेघ उठून बसली.
"काय केलंस?" बर्निसनं विचारलं.
"बटवा," म्हणाले.
तिनं दोनदा म्हणवून घेतलं, वहीत लिहिलं.
आता म्हणे डेव्ह्जबरीची एक आजी
आणि बाळंत झालेली एक पोलिश मुलगी
दोघी बटवा ओढतात.

पळायला जाताना बसवायची सिलिकॉनची रिंगही
तिनं दाखवली. मी नको म्हणाले.
महिन्याभरानं हो म्हणाले.

कुणाला कळत नाही, हीच गंमत.
मिस्टर थ्वेट गोळ्यांचा रंग बदलल्याची
तक्रार करत असतात,
मी मान डोलावते,
आतल्या आत दोऱ्या ओढून सातपर्यंत आलेली असते.

पूर्ण बरी झाले असं नाही.
परवा सलग तीन शिंका आल्या.
दोन कोरड्या गेल्या.
तिसरीचं काय ते तिसरीला माहीत.
पण नीलांबरीकडे मी बसून हसले,
शेवटपर्यंत.

मिरजेला कुमुदताई लग्नाकार्याला जात नाही.
गुडघे, म्हणते.
ते गुडघे मी ओळखते.
रविवारी फोनवर सगळं सांगितलं,
नाव घेऊन, दिशा न दाखवता.
ती गप्प.
मग टीव्हीचा आवाज बारीक झाला.
दाराला कडी लागली.
आणि कुजबुजत,
"ओढून धरायचा किती वेळ गं?"