शून्य क्रमांकाचा दगड

बाबांची नोकरी दगडांवर आकडे घालण्याची.
उरवाई घाटीच्या अंगाचा एक बुरूज
एका रात्रीत खाली बसला,
त्याचे चारशे बारा तुकडे उतारावर, बाभळींत;
आणि खात्याच्या मस्टरवर बाबांचं नाव चढलं :
चिंतामण पोतनीस, रंगारी, रोजंदारी.
आडनाव खजिन्याचं,
हातात डबा पांढऱ्या रंगाचा.

समोर खडकातले उभे तीर्थंकर, चेहरे तासलेले.
त्यांच्या पायांशी बाबा डबा उघडत.
पहारीनं दगड उलटवायचा, पाठ कुठली, तोंड कुठलं ते बघायचं,
मग पाथरवटाची खूण शोधायची :
मासा, त्रिशूळ, अर्धी चकती.
"हा निवांतपणी घडवलेला," म्हणत,
"आणि हा घाईत. शत्रू जवळ आला
की टाकी खोल जाते."

माझ्या शाळेच्या पुस्तकात
किल्ला अर्ध्या पानात आठ वेळा हरला :
तोमर, लोदी, मोगल, जाट,
मराठे, कंपनी, पुन्हा शिंदे, पुन्हा गोरे.
क्रम पाठ होईना म्हणून मी रडले होते.
बाबा म्हणाले, राजे हरले, दगड नाही, असलं काही
निबंधात लिहू नकोस.
दगडही हरतो. याची कड बघ.

दोनशे एकोणीस नंबरच्या दगडावर
कुणा कैद्यानं ओढलेल्या रेघा होत्या.
सत्तावीस उभ्या, एक आडवी, मग कोरी जागा.
बाबांनी आकडा अगदी कोपऱ्यात घातला, बारीक,
पाहुण्यानं पाय आखडून बसावं तसा.

सतरा दगड कुठेच बसेनात.
साहेब म्हणाले, मलबा लिहा.
बाबांनी लिहिलं नाही.
प्रत्येकावर एक गोल काढला.

रविवारी मला सायकलवर पुढे बसवून
ग्वाल्हेर दरवाज्यानं वर नेलं,
चतुर्भुजाच्या एका खडकातल्या देवळाशी.
लेखावर बोट न टेकवता दाखवलं :
दोनशे सत्तर हात बाग,
रोज पन्नास माळा,
आणि पन्नासातलं हे शून्य,
मोहरीहून थोडं मोठं.
"काही नाही, हेसुद्धा लिहावं लागतं, कुमुद.
नाहीतर पन्नासाचे पाच होतात,
आणि देवाच्या माळा कुणीतरी खातं."

बुरूज उभा राहिला. तिसऱ्या थरात
सिमेंटचं एक ठिगळ आहे,
खालच्या रस्त्यावरून दिसतं, दिसू नये इतकं.

बाबा गेल्यावर पाचव्या वर्षी
घासमंडीत आमच्या अंगणात
शिवहऱ्यांनी नळाचा पाइप बदलायला घेतला.
मजुरानं धुण्याचा दगड उलटवला.
आईनं ज्याच्यावर तीस वर्षं
आमचे गणवेश आपटले, तो.
खालच्या अंगाला मासा,
आणि माशाशेजारी, जुन्या तेलरंगात,
बाबांच्या हातचं शून्य.
वरून सुरू होऊन वरच मिटणारं, शेवटी किंचित ओघळलेलं.

अडीच वीत लांब. दोन माणसांना उचलत नाही.
सायकलवर आणला असणं शक्य नाही.
म्हणजे तो आधीपासूनच इथे होता,
हे घर बांधणाऱ्यानं किल्ल्यावरून ओढून आणलेला,
घासमंडीतल्या निम्म्या जोत्यांसारखा.
आणि बाबांनी कधीतरी, आम्ही लग्नाला वगैरे गेलेलो असताना,
एकट्यानं पहार घालून उलटवला,
गोल काढला, वाळू दिला,
पुन्हा पालथा केला.
खात्याला कळवलं नाही.
आईलाही.
की कळवलं असतं तर
ती धुणं कशावर आपटेल, एवढाच विचार केला?

ठिगळ मोजायला मी अजून गेले नाही.
वीत माझ्याजवळच आहे,
रस्ता वीस मिनिटांचा.

मजूर कमरेवर हात ठेवून उभा.
"फेक दें, दीदी?"
नको, म्हटलं.
"तो फिर कैसे रखें, सीधा के उल्टा?"
जसा होता.