एकाच घरातले दोन स्वॅब

फेरीबोट सुटायला वीस मिनिटं होती.
शीतपेटीत बर्फ, बर्फात दोन नळ्या,
नळ्यांवर माझं गिचमिड अक्षर:
एलेउतेरिओ बार्रिया, एक्केचाळीस, पाणबुड्या.
मिलाराय बार्रिया, सहा.
आडनाव एक, चूल एक, विषाणूही तोच,
रविवारी बटाट्याच्या रश्शाबरोबर
एकाच पळीनं वाढल्यासारखा.

मुलगी स्वॅबवर शिंकली आणि हसली.
दुपारी ती खांबांवरच्या घराखाली
ओहोटीच्या चिखलात शिंपले वेचत होती,
नाक बाहीला पुसत.
ताप? होता म्हणे, मंगळवारी,
संध्याकाळपुरता.

आणि तो,
ज्यानं वीस वर्षं समुद्राच्या तळाशी
पिवळ्या नळीतून येणाऱ्या हवेवर दिवस काढले,
तो तीन उशांना टेकून बसला होता
आणि अख्ख्या चिलोए बेटावरची हवा
त्याला पुरत नव्हती.
"तिला काहीच नाही," तो म्हणाला. "मग मला का?"
तक्रार नव्हती ती.
तोल करणाऱ्याचा काटा चुकतोय
अशी शंका आल्यावर माणूस विचारतो, तसं.

मी दवाखान्यातली साधी नर्स. मी म्हटलं, बघू.

तीन आठवड्यांनी प्वेर्तो मोन्तहून
डॉक्टर ओयार्सुनचा फोन आला.
तिनं सांगितलं ते मला कळलं ते असं:
मुलांच्या नाकातल्या पेशी
कपडे घालूनच झोपतात.
उंबऱ्यावर पाऊल वाजलं की उठल्याच,
आणि इंटरफेरॉनची हाळी शेजारच्या पेशीला,
तिची पुढच्या पेशीला,
रात्र सरायच्या आत आळीभर कड्या लागलेल्या.
छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते,
लहानपणी चांगली भरलेली;
तिच्यातून रोज बाहेर पडतात असे पहारेकरी
ज्यांनी अजून कोणालाच पाहिलेलं नाही,
म्हणून ते कोणालाही शिकून घ्यायला तयार.

एलेउतेरिओची ती ग्रंथी
आता बहुतेक चरबी.
त्याच्याकडे अनुभव आहे.
चाळीस हिवाळ्यांतल्या सर्द्या, सगळ्यांचे चेहरे पाठ.
नवा आला तर त्याच्या तोंडावर
जुन्याचं नाक, जुन्याचे डोळे शोधत बसायचं.
शोधेपर्यंत पाहुणा माजघरात.
मग एकदम आरडाओरडा, काठ्या, कंदील,
साप निघून गेल्यावर भुई धोपटणं,
आणि भुई म्हणजे
त्याचीच फुफ्फुसं.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं.
लहान ते शहाणं, म्हणून मोकळी झाले असते.

पण त्याच आठवड्यात
दोमितिला रेमोल्कोय आली, पोटाशी शाल,
शालीत अडीच महिन्यांचा मुलगा.
दुसरा विषाणू, दर हिवाळ्यात येणारा, घरचाच म्हणावा असा.
आईला नुसत्या शिंका. तिच्या पहारेकऱ्यांनी
त्याला दारातच नावानं हाक मारली होती.
बाळाच्या नळ्या केसाएवढ्या,
ओळखीचं कोणी नाही,
दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा.
वारा असा की फेरीबोट बंद.
रात्रभर मी ऑक्सिजनचं नळकांडं
आणि घड्याळ, दोन्हीकडे बघत बसले.
डॉक्टर ओयार्सुनला फोन केला तेव्हा
तीही थोडा वेळ गप्प होती.
मग म्हणाली, हो, असंही असतं.

बाळ पहाटे प्यायलं.

एलेउतेरिओ वसंतात होडीवर परतला,
पण तळाशी गेला नाही.
वर बसून तो दुसऱ्याची नळी धरतो,
गाठ पडू नये म्हणून हातातून हळूहळू सोडतो.
पुढच्या जूनमध्ये तोच विषाणू पुन्हा आला.
तो दोनदा शिंकला,
तिसऱ्या दिवशी लाकडं फोडत होता.
मिलारायला पुन्हा संध्याकाळपुरता ताप.
समोरचे दोन दात तेवढे पडले होते,
ते मात्र
ती कोणालाही दाखवत होती.